मेलमॅन ३ पहिल्यांदा लावताय? आधी मेलचा रस्ता बघा

लिनक्स सर्व्हरवर मेलमॅन (मेलिंग लिस्ट, म्हणजे एका पत्त्यावरचा मेल सगळ्या सदस्यांना पोचवणारी यादी, चालवणारं सॉफ्टवेअर) लावायचं काम अंगावर आलं की नवीन माणूस थेट इन्स्टॉलची कमांड शोधायला लागतो. माझा सल्ला वेगळा आहे, आधी कागद घ्या आणि एक मेल कुठून कुठे जातो ते काढा. कुणीतरी लिस्टच्या पत्त्यावर मेल टाकला, एमएक्स रेकॉर्ड (डोमेनचा मेल कुठल्या सर्व्हरला द्यायचा ते सांगणारी डीएनएसमधली नोंद) बघून तो आपल्या सर्व्हरच्या पोर्ट २५ वर आला, पोस्टफिक्सने (मेल घेणारा-पाठवणारा प्रोग्राम) घेतला, एलएमटीपी नावाच्या मेल सोपवायच्या प्रोटोकॉलने पोर्ट ८०२४ वर मेलमॅन कोअरला (मेलमॅनचा मुख्य भाग) दिला, कोअरने नियम तपासले, एक प्रत अर्काइव्हला (जुन्या मेलचा साठा) गेली आणि बाकीच्या सदस्यांसाठी परत पोस्टफिक्सकडे. हे डोक्यात बसलं ना, की काही अडलं तर कुठला लॉग उघडायचा ते आपोआप कळतं.

इंटरनेटवरची जुनी ट्युटोरियल्स मात्र जपून वाचा. त्यातली बरीचशी मेलमॅन २ ची आहेत, तो पायथन २ वर चालतो आणि पायथन २ चा सपोर्ट १ जानेवारी २०२० लाच संपला. मेलमॅन ३ चा ढाचाच निराळा आहे, कोअर वेगळा, सेटिंग करायचा वेब भाग म्हणजे पोस्टोरियस वेगळा आणि अर्काइव्ह दाखवणारा हायपरकिटी वेगळा. डेबियनवर मेलमॅन३-फुल नावाचं पॅकेज हे सगळं एकदम आणतं, शिकताना तेच घ्या.

इन्स्टॉल होतं पटकन, वेळ खातं ते पोस्टफिक्सशी जोडणं. ट्रान्सपोर्ट मॅप्स, लोकल रेसिपियंट मॅप्स आणि रिले डोमेन्स, पोस्टफिक्सच्या या सेटिंगांना मेलमॅनने बनवलेल्या फाईली दाखवायच्या असतात. यात लोकल रेसिपियंटची ओळ नीट बघा, तिथे फक्त मेलमॅनची फाईल लिहिली की मूळची डिफॉल्ट यादी उडते आणि सर्व्हरवरच्या साध्या युजरचे मेल 'युजर अननोन' म्हणून परत जायला लागतात, म्हणून जुनं ठेवून नवं जोडायचं. वेबच्या बाजूला दोन गोष्टी सारख्या अडतात. एक, जँगोच्या (वेब भाग ज्यावर बांधलाय ते पायथन फ्रेमवर्क) ॲडमिनमध्ये साइटचं नाव एक्झाम्पल डॉट कॉमच राहतं. दुसरी, अर्काइव्हरची की (कोअर आणि हायपरकिटीमधला गुप्त शब्द) दोन्हीकडच्या कॉन्फिगमध्ये तंतोतंत सारखी नसते, मग मेल सदस्यांना व्यवस्थित पोचतो पण अर्काइव्ह रिकामं, आणि माणूस भलतीकडेच शोधत बसतो.

आता खरा डोकेदुखीचा भाग, मेल स्पॅममध्ये जाणं. रिव्हर्स डीएनएस (आयपीवरून सर्व्हरचं नाव सांगणारी नोंद), एसपीएफ (डोमेनच्या वतीने कुठले सर्व्हर मेल पाठवू शकतात त्याची यादी) आणि डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) पहिली लिस्ट बनवायच्या आधीच करून घ्या. बरेच क्लाउडवाले बाहेर जाणारं पोर्ट २५ बंदच ठेवतात, तेही आधी विचारा, नाहीतर न गेलेल्या मेलची रांग, म्हणजे क्यू, फुगत जाईल आणि तुम्ही मेलमॅनला शिव्या घालाल.

डीमार्क मात्र वेळ देऊन समजून घ्या. फ्रॉममधल्या डोमेनशी जुळणारा एसपीएफ किंवा डीकेआयएम पास झाला नाही तर मेलचं काय करायचं, ते त्या डोमेनचा मालक या पॉलिसीत सांगतो. लिस्ट विषयात आपलं नाव जोडते, खाली फूटर लावते, त्यामुळे पाठवणाऱ्याची डीकेआयएम सही मोडते. एसपीएफ आपल्या सर्व्हरसाठी पास होतो खरा, पण फ्रॉममधल्या डोमेनशी जुळत नाही. त्या डोमेनची पॉलिसी रिजेक्ट असेल तर समोरचे सर्व्हर मेल नाकारतात. एप्रिल २०१४ मध्ये याहूने ही पॉलिसी लावली तेव्हा जगभरच्या लिस्टांवर गोंधळ झाला होता. वाईट भाग असा की बाउन्स, म्हणजे परत आलेले मेल, त्या याहूवाल्याच्या नावावर पडत नाहीत, ज्यांच्याकडे मेल नाकारला गेला त्या सदस्यांच्या नावावर पडतात आणि काही दोष नसताना तेच लिस्टवरून निघतात! उपाय पोस्टोरियसमध्येच आहे, डीमार्कच्या सेटिंगमध्ये फ्रॉमच्या जागी लिस्टचा पत्ता टाकायचा पर्याय निवडा. काही जुन्या लोकांना ते आवडत नाही, मलाही दिसायला आवडत नाही, पण मेल पोचणं जास्त महत्त्वाचं.

टेस्ट करताना वेगवेगळ्या कंपन्यांचे पत्ते सदस्य म्हणून घाला आणि मेललॉग एका टर्मिनलवर चालू ठेवा. आणि हो, जीमेलवरून स्वतः लिस्टला टाकलेला मेल जीमेल तुमच्या इनबॉक्समध्ये परत दाखवत नाही, लिस्ट चालत नाही असं समजून कॉन्फिग उचकायच्या आधी दुसऱ्या पत्त्यावर बघा.