तारा लावताय? दात सरळ होतील, पण या चुका टाळा

दात ओळीत आणणं हे या उपचारातलं सगळ्यात सोपं काम. वाकवलेली लवचीक तार आपल्या मूळ आकाराकडे परतते आणि परतताना दातालाही सोबत घेऊन जाते. पहिल्या काही महिन्यांतच वेडेवाकडे दात रांगेत दिसायला लागतात, घरात सगळे खूश होतात. बिनसतं ते त्याच्या आधी किंवा नंतर. आधी म्हणजे नेमकं काय बिघडलंय हे ठरवताना, आणि नंतर म्हणजे तारा निघाल्यावर. रोज तारा लावण्या-काढण्यातच दिवस जात असल्यामुळे मी याबाबत थोडा कडवट झालोय, हे आधीच सांगून टाकतो.

सेल्फीवरून चेहऱ्याचा निकाल लावणं

"डॉक्टर, दात आत घेतले तर माझं नाक अजून मोठं दिसेल का?" असं विचारत मोबाइल पुढे येतो. फोटो हाताच्या अंतरावरून काढलेला असतो. २०१८ साली काही संशोधकांनी याचं गणित मांडलं: १२ इंचांवरून काढलेल्या फोटोत चेहऱ्याच्या मानाने नाक सुमारे ३० टक्के रुंद दिसतं, आणि ५ फुटांवर हा फरक जवळपास उरतच नाही. म्हणजे पेशंट ज्या नाकाची काळजी करतोय, ते बरंचसं कॅमेऱ्याने घडवलेलं असतं.

फोटो दुसऱ्याला काढायला सांगा. त्याने पाच-सहा फुटांवर उभं राहावं, फोन तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर धरावा. एक फोटो ओठ सैल सोडून, एक मनापासून हसताना, एक बाजूने. त्याहून उपयोगी म्हणजे बोलतानाचा दहा सेकंदांचा व्हिडिओ. कॅमेऱ्यासाठी हसताना माणूस नेमकं तेच लपवतो जे त्याला खटकतं, बोलताना ते भान राहत नाही.

ओठ सैल असताना वरचे पटाशीचे दात किती दिसतात, याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. १९७८ साली विग आणि ब्रुंडो यांनी ते मोजलं होतं. तिशीच्या आत सरासरी ३.४ मिलिमीटर दात दिसत होते, साठीनंतर जवळजवळ शून्य. उलट खालचे दात वयानुसार जास्त दिसू लागतात, साठीनंतर सुमारे ३ मिलिमीटर. ओठ हळूहळू खाली उतरतो, एवढाच त्याचा अर्थ.

आता हसताना हिरडी दिसते म्हणून वैतागलेली विशीतली मुलगी घ्या. तिला दात वर ढकलून हवे असतात. ते करता येतं, पण ओठ सैल असताना दिसणारा दातही त्याबरोबर कमी होतो, आणि चाळिशीत तिचं हसू वयापेक्षा थकलेलं दिसू शकतं. शिवाय हिरडी दिसण्याची कारणंच वेगवेगळी असतात. कधी वरचा ओठ आखूड असतो, कधी तो हसताना फार वर खेचला जातो, कधी वरचा जबडाच उभा लांब असतो. आणि कधी हिरडीने दाताचा काही भाग झाकलेला असतो, तेव्हा दात बुटका, चौकोनी दिसतो. या शेवटच्या प्रकारात हिरडीचा डॉक्टर ती कड नीट करून देतो आणि बऱ्याचदा प्रश्न तिथेच मिटतो. कारण न शोधता तारा लावल्या, तर वर्ष-दीड वर्षानंतर हिरडी जिथल्या तिथेच असते.

एका मिलिमीटरसाठी जीव काढणं

वरच्या दातांची मधली रेष नाकाच्या रेषेत नाही, म्हणून आरशासमोर पट्टी धरून बसणारे पेशंट मी पाहिलेत. १९९९ मध्ये कोकिच आणि सहकाऱ्यांनी हसऱ्या चेहऱ्यांच्या फोटोंमध्ये मुद्दाम थोडे थोडे बदल केले आणि ते लोकांना दाखवले. मधली रेष ४ मिलिमीटर सरकवलेली ऑर्थोडॉन्टिस्टांनी, म्हणजे तारा लावणाऱ्या तज्ज्ञांनी, ओळखली. सामान्य माणसांना आणि इतर दंतवैद्यांना तीही खटकली नाही. दात कललेला मात्र २ मिलिमीटरलाच सगळ्यांच्या नजरेत भरला. सरकलेली रेष खपून जाते, तिरकी रेष खपत नाही.

रेषेमागचं कारण मात्र बघायलाच हवं, विशेषतः लहान मुलांमध्ये. मुलाला तोंड उघडायला सांगा, मग सावकाश दात मिटू द्या. मिटता मिटता शेवटी हनुवटी एका बाजूला घसरत असेल, तर बहुतेकदा वरचा जबडा अरुंद असतो आणि एका बाजूच्या वरच्या दाढा खालच्या दाढांच्या आत बसतात. इथे 'सगळे दुधाचे दात पडू देत, मग बघू' म्हणत थांबू नका. सात वर्षांच्या आसपास एकदा तपासणी करून घ्यायला सांगतात ती अशाच गोष्टींसाठी. फक्त वरचे दात पुढे असतील, तर घाई करून फार काही साधत नाही. पुढे किशोरवयात एकदाच उपचार केले तरी शेवटचा निकाल जवळपास तोच येतो. लवकर उपचाराचा ठोस फायदा म्हणजे पडून-आपटून पुढचे दात तुटण्याचं प्रमाण कमी होतं.

सोनेरी गुणोत्तराबद्दल, म्हणजे सौंदर्याचं सूत्र म्हणून सांगतात त्या साधारण १.६ ला १ या प्रमाणाबद्दल, एकच वाक्य: १९९३ मध्ये प्रेस्टन यांनी दातांचे साचे मोजले, तेव्हा वरच्या मधल्या आणि शेजारच्या दातात ते गुणोत्तर फक्त १७ टक्के लोकांत सापडलं.

'दात काढायचेच नाहीत' किंवा 'काढूनच टाका'

हे भांडण शंभर वर्षांहून जुनं आहे. आधुनिक ऑर्थोडॉन्टिक्सचे जनक मानले जाणारे एडवर्ड अँगल दात काढण्याच्या सक्त विरोधात होते. त्यांचेच शिष्य चार्ल्स ट्वीड यांनी पुढे बिघडलेल्या स्वतःच्या केसेस पुन्हा हातात घेतल्या आणि उपदाढा (सुळ्यामागचे छोटे दात) काढून त्या दुरुस्त केल्या. चेहरा न बघता आधीच बाजू ठरवणं, ही खरी चूक.

ओठ मिटायला जोर लागत असेल आणि मिटताना हनुवटीवर बारीक खळगे उठत असतील, तर उपदाढा काढून दात मागे घेतल्याने चेहरा निवांत दिसतो. ओठ पातळ आणि नाक-हनुवटी ठळक असेल, तर तोच उपचार तोंड बसल्यासारखं करू शकतो. दात जितका मागे जातो तितका ओठ जात नाही, आणि ओठाच्या जाडीप्रमाणे हे प्रमाण माणसागणिक बदलतं. नाकाच्या टोकापासून हनुवटीपर्यंत रेष ओढून खालचा ओठ तिच्या साधारण २ मिलिमीटर मागे हवा, असं माप रिकेट्स यांनी दिलं. ते गोऱ्या लोकांच्या चेहऱ्यांवरून आलेलं आहे. ज्यांच्यात भरलेले ओठ सर्रास आणि देखणे मानले जातात, त्यांना हीच पट्टी लावली की चांगला चेहरासुद्धा 'दुरुस्ती हवी' या यादीत जाऊन बसतो.

पुढचे दात बघून 'झालं' म्हणणं

तारा लवकर काढा म्हणून घाई होते ती इथेच. पुढून सगळं छान दिसतं, मागे दाढा मात्र टोकावर टोक टेकून बसलेल्या असतात. घरी बघायचं तर मागच्या दाढांवर चावा आणि मग ओठ बाजूला करा. चावा बरोबर असेल, तर वरचे पुढचे दात खालच्या दातांचा साधारण एक तृतीयांश भाग झाकतात, आणि दोन्हींमध्ये आडवं अंतर २-३ मिलिमीटर असतं. एक सावधगिरी: बरेच जण आरशात पाहताना नकळत खालचा जबडा पुढे काढून चावतात आणि चावा बरोबर बसलाय असं समजतात. जीभ टाळूच्या मागच्या भागाला लावून दात मिटा, मग ही फसवणूक होत नाही.

चावा बसवण्याचं बरंचसं काम वरच्या-खालच्या हुकांना अडकवायचे छोटे रबर करतात, आणि ते पेशंटच्या हातात असतं. फक्त रात्री लावलेल्या रबरने दात जेमतेम हलतो, दिवसा परत फिरतो. बुडालेले दिवस भरून काढायला एकाच हुकावर दोन रबर लावू नका. दुखणं वाढतं, वेग वाढत नाही. हूक चुकला तर ओढ भलत्याच दिशेला लागते, म्हणून पहिल्या दिवशी दवाखान्यातच दोन्ही बाजूंचा फोटो काढून ठेवा.

सगळं सरळ, तरी फट

याचं उत्तर बोल्टन यांनी १९५८ मध्येच देऊन ठेवलंय. खालच्या सहा पुढच्या दातांची एकूण रुंदी वरच्या सहांच्या ७७.२ टक्के असली की मेळ बसतो. वरच्या मधल्या दातांच्या शेजारचा दात बारीक, खुंटीसारखा असेल तर हा हिशेब चुकतो, आणि तारांनी कितीही ओढलं तरी कुठे तरी फट उरते. तो दात भरून मोठा करावा लागतो. हे मोजमाप सुरुवातीलाच व्हायला हवं, म्हणून विचाराच.

दात सरळ झाल्यावर हिरडीजवळ काळा त्रिकोण दिसायला लागला, तर तो तारांनी केलेला नाही, आधी एकावर एक चढलेल्या दातांनी तो झाकलेला होता. दात जिथे एकमेकांना टेकतात तिथून हाड ५ मिलिमीटर किंवा कमी अंतरावर असेल, तर हिरडी ती जागा जवळजवळ नेहमी भरते. ६ मिलिमीटरला निम्म्याहून थोड्या जास्त वेळा, ७ ला जेमतेम पाव वेळा. दातांच्या कडा किंचित घासून टेकण्याची जागा हिरडीच्या जवळ आणली की त्रिकोण लहान होतो.

फट मिटवायला घरीच दोन दातांभोवती रबर अडकवण्याचे व्हिडिओ फिरतात. ते करू नका. दाताचं मूळ टोकाकडे निमुळतं असतं, रबर सरकत हिरडीखाली शिरतं, दिसेनासं होतं आणि हाड खात वर जातं. असे चांगले दात हातात आलेले आहेत.

रिटेनर

रिटेनर म्हणजे तारा निघाल्यावर दात जागेवर धरून ठेवणारा साचा किंवा तार. तारा निघाल्यावर हिरडीतले लवचीक तंतू वर्षभर दाताला जुन्या जागेकडे ओढत असतात. त्यानंतरही खालचे पुढचे दात आयुष्यभर थोडे थोडे दाटत जातात. खापर अक्कलदाढेवर फोडतात, पुरावा तसं सांगत नाही.

रिटेनर एकदा घट्ट लागला, तर काही दिवस पूर्ण वेळ घाला. बसतच नसेल, तर दाबून बसवू नका, दवाखान्यात जा. गरम पाण्याने धुऊ नका आणि जेवताना कागदात गुंडाळून ठेवू नका, सगळ्यात जास्त रिटेनर तसेच कचऱ्यात जातात. दातांमागे चिकटवलेली तार असेल, तर महिन्यातून एकदा प्रत्येक दातापाशी नखाने हलकेच उचलून बघा. एका दातावरचं सिमेंट सुटलं तरी तार जागेवरच असल्यासारखी वाटते, आणि तेवढा एक दात गुपचूप फिरून जातो.