घरी पोहण्याचा टँक बांधताय? आधी जमिनीतलं पाणी बघा

पहिलं काम म्हणजे शेजारची विहीर बघून येणं. टाइलचा रंग, काठावरचे दिवे, धबधबा हवा की नको, ही चर्चा घरात कितीही रंगली असली तरी ती बाजूला ठेवा. तुमच्या प्लॉटच्या आसपास जी विहीर असेल, तिचं पाणी गणपतीच्या सुमाराला जमिनीपासून किती खाली असतं ते मालकाला विचारा. विहीर नसेल तर टँकच्या जागी ८ फूट खोल भोक घ्या, त्यात छिद्रांचा पाइप उभा करा, वर टोपण लावा आणि एक पावसाळा जाऊ द्या. वर्ष फुकट जातं असं वाटेल. जाऊ द्या.

मी हे केलं नव्हतं. पुण्याजवळ भूगावच्या पुढे आमचा बंगला आहे, तिथे ८ बाय ४ मीटरचा टँक बांधला. काँक्रीट चांगलं झालं, टाइल छान बसली, पहिल्या उन्हाळ्यात मुलं पाण्यातून बाहेर यायला तयार नव्हती. जुलैत पाणी हिरवं पडलं म्हणून मी ते सगळं उपसलं. भिंती घासून घ्यायच्या होत्या, त्यामुळे पावसाचं जे आत साठेल तेही माळी रोज पंपाने बाहेर काढत होता. चार दिवस झड लागली. पाचव्या दिवशी सकाळी गेलो तर खोल बाजूचा काठ चार बोटं वर आलेला. काठावरच्या कोपिंगच्या दगडाखाली माझा पंजा आडवा आत जात होता. स्किमरचा, म्हणजे वरचा पालापाचोळा ओढणाऱ्या तोंडाचा, पाइप तुटलेला, आणि तळाच्या टाइल एकेक करून टक्क आवाज करत सुटत होत्या. त्या आवाजाने मला आजही कसंतरी होतं.

हे का झालं ते नीट समजून घ्या. आमच्या टँकचं काँक्रीट साधारण ११ घनमीटर, म्हणजे वजन २८ टनांच्या आसपास. बाहेरचं पाणी तळापासून १ मीटर वर चढलं की तळाच्या दर चौरस मीटरला १ टन जोर खालून वर लागतो. ३२ चौरस मीटरला ३२ टन. रिकामा टँक उचलला जाणारच. भरलेला असता तर आतल्या ४३ टन पाण्याने त्याला जागच्या जागी दाबून धरलं असतं.

"आमच्याकडे बोअरला ३०० फुटांवर पाणी लागलं, इथे वर कुठून येणार?" हे वाक्य मीच म्हणालो होतो. बोअरचं पाणी वेगळं आणि पावसाळ्यात मुरुमातून वाहणारं पाणी वेगळं. पुण्याच्या पश्चिमेला बऱ्याच ठिकाणी वर थोडी माती, मग मुरूम आणि खाली काळा कातळ. ब्रेकर लावून त्या कातळात खड्डा काढलात की तुम्ही जमिनीत एक मोठं पातेलं बसवता. आजूबाजूचं पाणी झिरपून त्यात उतरतं आणि त्याला पुढे जायला वाट नसते. ठेकेदार मला म्हणाला होता, "मुरूम आहे साहेब, पाणी मुरतं." मुरतं, पण मुरून तुमच्याच खड्ड्यात येतं. पूर्वेला, वाघोली-लोणी काळभोरच्या बाजूला, काळी माती लागली तर दुखणं निराळं: ती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. तिच्यावर तळ टेकवू नका. ती किती खोलपर्यंत काढायची हे इंजिनिअर सांगेल.

तर तयारीतली मुख्य गोष्ट ही. स्ट्रक्चरल इंजिनिअरला एक प्रश्न विचारा: "टँक रिकामा आणि बाहेर पाणी काठापर्यंत, हे गणित केलंय का?" उत्तर कागदावर घ्या. तोंडी "होईल हो" चालणार नाही. मग तळाखाली खडीचा सहा-आठ इंचांचा थर, खडीत माती शिरू नये म्हणून जिओटेक्स्टाइल कापड, खडीतून फिरवलेला छिद्रांचा पाइप. जागेला उतार असेल तर तो पाइप उताराकडे मोकळा सोडा. नसेल तर कोपऱ्यात टँकच्या तळापेक्षा खोल अशी छोटी विहीर करून त्यात सबमर्सिबल पंप ठेवा. आणि तळाच्या मेन ड्रेनमध्ये (पंप तळाचं पाणी जिथून ओढतो ते तोंड) हायड्रोस्टॅटिक व्हॉल्व्ह, म्हणजे बाहेरचा दाब वाढला की तो उघडतो आणि जमिनीतलं पाणी आत येऊ देतो. पाणी गढूळ येईल, येऊ दे, टँक वाचतो. हे सगळं काँक्रीट पडण्याआधी व्हायला हवं. नंतर कितीही पैसे ओतलेत तरी तळाखाली खडी घालता येत नाही.

मंजुरी महापालिकेची किंवा पीएमआरडीएची (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), जिथे तुमची जागा येते तिथली. झाडाखाली टँक नको. पाया आणि कंपाउंडच्या भिंतीपासून किती लांब, हेही इंजिनिअरनेच ठरवायचं. डंपर आत येतो का बघा, कारण निघणारा मुरूम तुमच्या अंदाजापेक्षा जास्त असतो. खोली साडेतीन ते पाच फूट पुरे. घरच्या टँकमध्ये सूर मारायचा नसतो, आणि प्रत्येक जादा फूट खोलीला खालचा जोर वाढतो. पुन्हा तेच!

पाणी कुठून आणणार हे आधी ठरवा. सरासरी १.३५ मीटर खोलीला ४३ हजार लिटर लागतात, म्हणजे १० हजारांचे चार टँकर आणि वर थोडं. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर मुख्यतः या चार धरणांवर पुणे शहर उन्हाळा काढतं. नळाचं पिण्याचं पाणी टँकमध्ये सोडायचं मनातही आणू नका. पहिल्या भरणीनंतर गच्चीचं पाणी धरा. शहरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. १०० चौरस मीटरच्या गच्चीवरून, वाया जाणारं सोडलं तरी, ५५ हजार लिटरच्या आसपास मिळतं. पहिल्या दोन पावसांचं सोडून द्या. एप्रिल-मेमध्ये उघड्या टँकमधून दिवसाला अर्धा ते एक सेंटीमीटर पाणी उडून जातं, तेव्हा झाकणाचं कापड पहिल्याच खर्चात धरा.

काम दिवाळीनंतर सुरू करा आणि मेअखेर टँक भरलेला हवा. हे मागेपुढे होता कामा नये. जूनमध्ये अर्धवट रिकामा टँक खड्ड्यात उभा असणं म्हणजे माझी जुलै तुमच्या नशिबी येणं.

पाण्याच्या टाक्यांसाठी आयएस ३३७० हे मानक आहे, ते इंजिनिअर आणि ठेकेदाराला माहीत असायला हवं. काँक्रीट किमान एम ३० प्रतीचं. तळ एका दमात ओतायचा, मधे जेवणाची सुट्टी नाही. तळ आणि भिंतीच्या जोडात वॉटर स्टॉपची, म्हणजे जोडातून पाणी झिरपू न देणारी, पट्टी, आणि ती सरळ उभी आहे ना हे स्वतः वाकून बघा. ओततानाच ती आडवी पडते आणि कोणी सांगत नाही. भिंतीतून जाणारे पाइप काँक्रीटच्या वेळीच बसवायचे, मागून फोडून नाही. गोणपाट टाकून चौदा दिवस पाणी मारायचं.

टाइलच्या आधी टँक भरून गळती तपासा. काँक्रीट भिजून झालं की टँकच्या पायरीवर एक बादली ठेवा, बादलीतलं आणि टँकमधलं पाणी एका पातळीत आणा, दोन्हीकडे पेन्सिलने खूण करा, पंप बंद. चोवीस तासांनी बघा. दोन्ही सारखं उतरलं तर ती उन्हाची वाफ. टँक जास्त उतरला तर गळती आहे, आणि ती आत्ता सापडली हे तुमचं भाग्य. भिंतीमागची भर ही तपासणी झाल्यावरच.

मुलांसाठी दोन गोष्टींवर तडजोड नाही. तळाला मेन ड्रेन दोन हवेत, एकमेकांपासून लांब, जाळीसकट. एकच असेल आणि पंपाच्या ओढीने केस किंवा अंग त्याला चिकटलं तर मोठ्या माणसालाही सोडवता येत नाही. आणि चारी बाजूंनी चार फुटी कुंपण, आपोआप बंद होणारं दार, कडी मुलांच्या हाताला न लागणारी. "आम्ही लक्ष ठेवू" हे कुंपण नव्हे.

वीज: ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच), वेगळं अर्थिंग, पाण्यातले दिवे १२ व्होल्टचे. पंप असा घ्या की सहा तासांत सगळं पाणी फिल्टरमधून फिरेल. बॅकवॉशचं, म्हणजे फिल्टर उलटा धुताना निघणारं, पाणी कुठे सोडणार ते ठरवा, झाडांना नको. टाइल काठावर न घसरणारी. बोअरचं पाणी जड असतं, टाइलवर पांढरं धरतं. क्लोरिन १ ते ३ पीपीएम (दहा लाखांत तेवढे भाग), पीएच ७.२ ते ७.६, तपासायचा किट आणा. ॲसिड आणि क्लोरिन एका फडताळात कधीही नको.

पावसाळ्यात पाणी हिरवं पडलं तर क्लोरिनचा मोठा डोस द्या, पंप रात्रंदिवस चालवा, ब्रशने घासा. उपसू नका. गाळ दिसला तरी उपसू नका. उपसायचंच असेल तर मार्च-एप्रिलमध्ये, आणि तेव्हाच व्हॉल्व्हमध्ये अडकलेला चुना-वाळू काढून घ्या. त्याआधीही कोपऱ्यातल्या विहिरीत दोरीला नट बांधून सोडा. दोरी किती ओली झाली ते मोजा आणि पाणी टँकच्या तळाच्या वर असेल तर टँक उपसायचा पंप लावू नका. ती दोरी पंपाच्या खोलीच्या दारामागे टांगून ठेवा आणि माळ्यालाही दाखवून ठेवा.