लव्हाळा उपटायचा नसतो, उपाशी मारायचा असतो

तणांपैकी गाजर गवत फुलावर येण्याआधी, जमीन ओली असताना मुळासकट उपटा. हातमोजे घाला, अंगाला खाज सुटते. हराळीची कांडी मातीत राहू देऊ नका. घोळ भाजीला न्या. खरा वैरी लव्हाळा, म्हणून बाकी सगळं त्याच्याबद्दलच.

आधी ओळख पटवा. दांडा बोटांत फिरवून पाहा, तिकोनी लागला की लव्हाळ्याचा संशय घ्या. लव्हाळ्याला खाली धाग्यात ओवल्यासारख्या काळ्या गाठी असतात. वरून ओढलं की धागा तुटतो, गाठ आत राहते आणि झोपलेल्या शेजारच्या गाठीही फुटतात. पावसाळ्यात रोज मूठमूठ उपटणाऱ्यांना मी हेच सांगून थकलो आहे.

मी तरी कुठला शहाणा! नाशिकच्या मखमलाबादजवळ दोन गुंठे भाजीपाल्याला घेतले, त्या पहिल्या वर्षी रोटाव्हेटर, म्हणजे ट्रॅक्टरमागचं फिरत्या पात्यांचं यंत्र, फिरवून घेतला. आठवडाभर जमीन आरशासारखी. जूनचा पाऊस झाला आणि हिरवी चटई अंथरली गेली. पात्यांनी माळा तोडून गाठी रानभर पेरल्या होत्या, तेही माझ्याच पैशानं.

काम एप्रिल-मेमध्ये करा, नाशिकचं ऊन तेव्हा फुकट राबतं. आपली काळी जमीन वाळली की दगड होते, म्हणून आधी पाणी द्या आणि वापसा आला, म्हणजे माती चिखलही नाही आणि कोरडीही नाही अशी झाली, की कुदळीनं वीतभर तरी खणा. खुरप्याच्या नादी लागू नका, ते वरवरच खरवडतं. ढेकळं हातानं फोडून सापडतील तेवढ्या गाठी वेचा. उरलेली माती उघडी टाका, आठवड्याला खालीवर करा आणि त्या काळात पाण्याचा थेंब देऊ नका. गाठ उन्हात पूर्ण वाळली तरच मरते; अर्धवट वाळलेली पावसात पुन्हा डोळे उघडते.

तरी काही उगवणारच. आता उपटू नका. दोन आठवड्यांनी एकदा जमिनीलगत कापा. पानं उभी करण्यात गाठीतला साठा संपतो. एक फेरी चुकली की पानं तो साठा पुन्हा भरतात. मी दिवाळीत गावी गेलो आणि महिन्याची मेहनत गेली.

काळं प्लास्टिक अंथरा म्हणणाऱ्यांनी लव्हाळ्याचा कोंब पाहिलेला नाही, सुईसारखा आरपार येतो. मीठ टाकलंत तर पानं करपतील, गाठ राहील, जमीन मात्र बिघडेल. सावली त्याला सोसत नाही, एवढं खरं. जूनमध्ये ताग दाट पेरा आणि दीड महिन्यानं फुलावर येताच गाडून टाका.

वेचलेल्या गाठी खताच्या खड्ड्यात नकोत. मी टाकल्या होत्या, पुढच्या वर्षी वांग्याच्या वाफ्यात खतासोबत परत आल्या. आता पत्र्यावर कडकडीत वाळवतो आणि बंबात घालतो.