कुत्र्याला गडावर नेताना

ताडोबा असो, चांदोली असो की बोरिवलीचं संजय गांधी उद्यान, पाळीव कुत्र्याला आत नेता येत नाही. फाटकावर हुज्जत घालून उपयोग नाही. कुत्र्याकडून डिस्टेंपरसारखे रोग जंगलात जातात. २०१८ साली गीरमध्ये काही आठवड्यांत २३ सिंह दगावले, तेव्हा त्यातल्या काहींत याच रोगाचा विषाणू सापडला होता.

गोम अशी की आपले बरेच ट्रेकसुद्धा अभयारण्यात मोडतात. कळसूबाई, हरिश्चंद्रगड आणि रतनगड एकाच अभयारण्याच्या हद्दीत आहेत, वासोटा कोयनेच्या, तर कर्नाळा किल्ला पक्षी अभयारण्यात. ही नावं आधीच खोडा. पहिल्या खेपेला कोरीगड बरा: पेठ शहापूरकडून पायऱ्यांची वाट, वर मोकळं पठार. लोणावळ्याहून राजमाचीची वाट बरीचशी सोपी, पण जातानाच पंधरा-सोळा किलोमीटर होतात. नवख्या कुत्र्याला अर्ध्यातून वळवा. कुठेही जाण्याआधी पायथ्याच्या गावात फोन करून कुत्रा चालतो का ते विचारा. लोखंडी शिडी असलेला गड नकोच. चढताना कसंबसं जमतं, उतरताना पंचवीस किलोचा लॅब्राडॉर कडेवर घेऊन ओल्या शिडीवर पाय शोधावा लागतो.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच दिवस. सहाला चढायला लागा आणि अकराच्या आत खाली या. कातळ तापलाय का हे हाताच्या मागच्या बाजूनं बघा. सात सेकंद टेकवून ठेवता आला नाही, तर पंजे भाजणार. पगसारख्या बसक्या नाकाच्या कुत्र्याला चढावर नेऊ नका. त्याला धापेतून अंग नीट गार करता येत नाही. मोठ्या जातीचं पिल्लूही दीड वर्षाचं होईपर्यंत घरीच बरं, सांधे तोवर कच्चे असतात.

रेबीजची आणि लेप्टोसह (जनावरांच्या लघवीतून पाण्यात पसरणारा रोग) बाकीची लस निघण्याच्या किमान दोन आठवडे आधी झालेली असावी. गोचिडांसाठी डॉक्टरांना विचारून गोळी द्या. गळ्यातल्या पट्ट्याऐवजी छातीचा हार्नेस घ्या, पाठीवर धरायला मूठ असलेला. लीश दीड-दोन मीटरची, साधी. लांबत जाणारी लीश झुडपात अडकते आणि ऐन कड्यापाशी हिसका बसतो.

वीस किलोच्या कुत्र्याला चार तासांसाठी दोन लिटर पाणी, तेही तुमच्या पाण्याशिवाय. दर वीस मिनिटांनी थोडं थोडं पाजा. साचलेल्या डबक्यातलं पिऊ देऊ नका, तिथे लेप्टोची भीती. आणि गडावरच्या टाक्यात त्याला उतरवू तर अजिबात नका, ते माणसांचं पिण्याचं पाणी असतं. खाणं निघण्याच्या तीन तास आधी, हलकंच. पोट भरून पळालं की मोठ्या छातीच्या कुत्र्याचं पोट फुगून पीळ पडू शकतो. तुमच्या पिशवीतले मनुके आणि चॉकलेट त्याला विषारी. कांदाभजीही नको, कांद्यानं रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. लाडानं दिलेल्या एका भजीनं सहसा काही होत नाही, पण टपरीवर प्रत्येक जण एकेक देत सुटतो.

लीश सोडायची नाही, तुमचा कुत्रा कितीही गुणी असला तरी. सुटला की तो वस्तीतल्या कोंबडीमागे जातो, गुरं बुजवतो, नाहीतर दगडाखाली नाक घालतो, आणि तिथे फुरसं असतं. साप चावला तर पट्टी आवळू नका, चिरा देऊ नका. कुत्र्याला उचलून न चालवता खाली आणा आणि सर्पविषावरचं प्रतिविष असलेला पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. त्याचा नंबर आदल्या दिवशीच फोनमध्ये असू द्या, वर रेंज मिळेलच असं नाही. गावातले कुत्रे अंगावर आले तर आपल्या कुत्र्याला उचलून घ्यायचा मोह टाळा, ते तुमच्यावरच उड्या मारतात. मध्ये उभे राहा आणि शांतपणे पुढे सरका. अंधार पडायच्या आत परता. बिबट्याला कुत्रा ही सोपी शिकार. मुक्काम केलात तर त्याला तंबूबाहेर बांधू नका.

जीभ गडद लाल, लाळ चिकट, चाल झोकांड्या खाणारी दिसली की ऊन लागलंय. सावलीत घ्या, पोटावर आणि जांघेत साधं पाणी ओता, वारा घाला. ओला टॉवेल पांघरून ठेवू नका, त्यात उष्णता कोंडते. थोडा सावरला तरी दवाखान्यात न्यायचाच.

विष्ठा पिशवीत भरून खाली आणा. गाडीत बसवण्याआधी बोटांच्या बेचक्या, कानांची आतली बाजू, काखा आणि शेपटीखालची जागा चाचपा. गोचीड सापडली तर चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल लावू नका आणि बोटांनी चिरडू नका. पुढचे तीन आठवडे ताप, खाणं सोडणं किंवा नाकातून रक्त दिसलं, तर रक्त तपासून घ्या आणि डॉक्टरांना ट्रेकची तारीख सांगा.