कुत्र्याने चॉकलेट खाल्लं तर

आधी तोंडात उरलेलं काढा आणि रॅपर उचला. कोणतं चॉकलेट आणि किती गेलं, हे त्यावरूनच कळतं. कुत्र्याला बाधतं ते कोकोतलं थिओब्रोमिन. म्हणून चॉकलेट जितकं काळं नि कडू, तितका धोका जास्त. साधारण 10 किलोच्या कुत्र्याला त्रास सुरू व्हायला मिल्क चॉकलेट 100 ग्रॅमच्या आसपास लागतं, डार्क 25-30 ग्रॅम पुरतं आणि कोको पावडर जेमतेम 10 ग्रॅम. व्हाइट चॉकलेटमध्ये थिओब्रोमिन नगण्य, पण तुपकट असल्याने पोट बिघडतंच.

लगेच पशुवैद्यांना फोन करून वजन, प्रकार, प्रमाण, वेळ सांगा. उलटी करवणारं इंजेक्शन पहिल्या दोन तासांत सर्वांत उपयोगी. घरी मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. रक्तातलं सोडियम वाढून जिवावर बेततं. दुधाने विष उतरत नाही.

‘अजून तर उड्या मारतोय’ म्हणून थांबू नका. लक्षणं बहुधा 6 ते 12 तासांनी दिसतात: उलट्या, धाप, अस्वस्थपणा, सारखी लघवी, जोरात धडधडणारी छाती. थरथर किंवा झटके आले तर थेट दवाखाना. थिओब्रोमिन मूत्राशयातून पुन्हा रक्तात शोषलं जातं, तेव्हा पाणी भरपूर ठेवा आणि लघवीला वरचेवर बाहेर न्या.

शुगर-फ्री चॉकलेटात झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) किंवा आत मनुका असतील, तर प्रमाण मोजत बसू नका, दवाखान्यात निघाच.