कॅसेटवरच्या ओव्या कॉम्प्युटरवर घेताना खरखर किती काढायची

सगळ्यात आधी कॅसेटच्या मागच्या कडेला ज्या दोन प्लास्टिकच्या टिकल्या असतात त्या तोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी काही पुसलं जाणार नाही. मग टेपचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसा, वाळू द्या, कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे फिरवून घ्या. टेपच्या फितीवर पांढरी बुरशी दिसली तर मात्र ती अजिबात वाजवू नका, जाणकाराकडेच द्या.

टेपच्या इअरफोनच्या भोकातून वायर काढून कॉम्प्युटरच्या लाइन-इनला लावायची (नसेल तर छोटं यूएसबी साउंड कार्ड मिळतं), ऑडॅसिटी हे आवाज रेकॉर्ड आणि साफ करायचं सॉफ्टवेअर फुकट आहे ते घ्यायचं, आणि ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर वॅव्ह फाइल करायची. मोनो असेल तर तासाला साधारण ५०० एमबी होतात. एमपी३ नंतर करा, व्हॉट्सअ‍ॅपसाठी. लॅपटॉप चार्जरवरून काढून ठेवा, नाहीतर विजेचा ५० हर्ट्झचा सूंऽऽ आवाज आत येतो आणि त्याच्या पटीतले १००, १५० असे भाऊबंदही येतात.

आता खरा प्रश्न, खरखर. माझ्या आजीच्या जात्यावरच्या ओव्यांची एक कॅसेट घरात होती, ती मी पहिल्यांदा साफ केली तेव्हा सगळे आकडे जोरात वर नेले आणि आवाज खूप स्वच्छ झाला असं मला वाटलं. आईने ऐकलं आणि म्हणाली, "अगं, पण जातं कुठं गेलं?" जात्याची घरघर सॉफ्टवेअरने नॉइझ समजून काढून टाकली होती, कारण नुसती खरखर कशी असते हे सॉफ्टवेअरला कळावं म्हणून रेकॉर्डिंगचा जो छोटा तुकडा नमुना म्हणून द्यायचा असतो, तो मीच चुकीच्या जागेचा दिला होता, आजी दम घ्यायला थांबली होती आणि नुसतं जातं फिरत होतं तिथला.

क्लॉड शॅनन हे बेल लॅब्जमधले गणितज्ञ, त्यांनी १९४८ मध्ये संदेशवहनाचं गणित मांडलं, त्यात बोलणारा, ऐकणारा, मधली वाट, आणि त्या वाटेत बाहेरून घुसणारा नॉइझ असं साधं चित्र आहे. त्यातली महत्त्वाची गोष्ट अशी की नॉइझ हा आवाजाचा एखादा प्रकार नाहीये, पाठवणाऱ्याने जे पाठवलं नाही आणि वाटेत मिसळलं तो नॉइझ. मग आजीने काय पाठवलं, फक्त शब्द की जात्यासकट गाणं? हे कुठलंही गणित ठरवत नाही, ते तुम्हाला ठरवायचंय. आपल्या भाषेत तर हा निवाडा शब्दातच असतो, माणसांचा गोंगाट, टेपची खरखर, जात्याची घरघर, आणि घरघरीला कोणी गोंगाट म्हणत नाही. फ्रेंचमध्ये रेडिओतल्या खरखरीला आणि दुसऱ्याच्या जिवावर जगणाऱ्या परजीवीला एकच शब्द आहे, परॅझिट, आणि मिशेल सेर या फ्रेंच तत्त्वज्ञांनी १९८० मध्ये त्यावरच मोठा विचार उभा केला, की मध्ये घुसणारा तिसरा हा नात्याचाच भाग असतो. जात्यावर मला ते अगदी पटतं, कारण ओवीची लय त्या फिरण्यावरच बसलेली असते.

तर नमुना घ्यायची योग्य जागा म्हणजे रेकॉर्डिंग सुरू झालंय पण अजून दळण सुरू नाही ते दोन-तीन सेकंद. कॅसेटचा कोरा भाग चालणार नाही, तिथली खरखर वेगळी असते. आणि एक गोम आहे, जुने घरगुती टेप शांतता आली की आपोआप आवाज वाढवायचे, म्हणून त्या दोन सेकंदात खरखर गाण्याच्या वेळेपेक्षा मोठी असते आणि सॉफ्टवेअर जास्त कापतं. म्हणून नॉइझ रिडक्शन ६ डेसिबलपासून सुरू करा, १२ च्या वर मी कधी जात नाही, गेलं की गळा पाण्याखालून आल्यासारखा वाटतो.

तिथेच 'रेसिड्यू' नावाचा पर्याय असतो, तो नक्की वापरा, माझ्या मते हे अख्ख्या प्रोग्रॅममधलं सगळ्यात मोलाचं बटण आहे. त्यात जे काढलं जाणार आहे तेवढंच ऐकू येतं. नुसतं सूंऽऽ आलं तर ठीक, पण त्यात 'स', 'श' ची टोकं, बांगड्यांचा आवाज, श्वास, जातं ऐकू आलं तर तुम्ही माणूस कापताय, मागे या.

एखादा शब्द तरीही कळत नसेल तर साफ करत बसू नका, पुढे ऐका. गाताना ओळ परत परत येते, मध्ये 'बाई', 'सये' येतं, शेवटी यमक असतं, हीच ती पुनरावृत्ती जिच्या जोरावर नॉइझमधूनही संदेश पोचतो असं शॅनन दाखवतात, आणि आपल्या बायकांनी ती घरघरीतून ऐकू जावं म्हणून केली की लयीसाठी, ते काहीही असो, उपयोग होतो. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी सुरू केलेल्या कामातून एक लाखाहून जास्त ओव्या जमल्यात, पारीच्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) साइटवर त्यातल्या बऱ्याच ऐकायला मिळतात, अडलेला शब्द कधीकधी दुसऱ्या गावच्या ओवीत स्पष्ट सापडतो.

मूळ फाइल कधीही डिलीट करू नका, एकदा गेलेली माहिती नंतरच्या कुठल्याही प्रोसेसिंगने परत येत नाही, हेही गणितातच सिद्ध आहे. दोन फाइल ठेवा, कच्ची आणि साफ केलेली, आणि सोबत एक छोटी टीप: कोण गातंय, कुठलं गाव, किती डेसिबल काढले, कुठल्या सेकंदाचा नमुना घेतला, आणि मागे जे ऐकू येतंय, कोंबडा, सून हाक मारतेय, एसटीचा हॉर्न, ते काय आहे हे घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला शेजारी बसवून विचारून लिहा.