पिकअपमधून आवाज येतोय? गिअरबॉक्स उतरवायच्या आधी या चुका टाळा

पहाटे ४ ला वाशी मार्केटमधून कोबी-फ्लॉवर भरून निघालो, खाडीपूल चढलो आणि काटा ५० च्या पुढे गेला तसा सीटखालून ‘घुंऽऽ’ असा आवाज सुरू झाला, ६५ ला गेलो की गायब, परत ५० ला आलो की हजर. दादरला माल उतरवला आणि तसाच गॅरेजात गेलो, आणि तिथे मी सगळ्यात महाग चूक केली, म्हणजे मेकॅनिकला स्वतःच सांगून टाकलं की गिअरबॉक्स वाजतोय. तो कशाला नाही म्हणेल? उतरवला, बेअरिंगं बदलली, ४ दिवस गाडी उभी आणि १८ हजार गेले. तिसऱ्या दिवशी खाडीपुलावर परत घुंऽऽ.

तर पहिली गोष्ट ही, की गॅरेजात जाऊन आजाराचं नाव सांगू नका, लक्षण सांगा. किती स्पीडला येतो, माल भरल्यावर जास्त की रिकामी असताना, क्लच दाबल्यावर काय होतं. हे आधी स्वतः बघायला १० मिनिटं लागतात आणि पाना लागत नाही.

गाडी सपाटीला उभी करा, हँडब्रेक ओढा, चाकाला दगड लावा, इंजिन चालू आणि गिअर न्यूट्रल. आता पाय क्लचवरून पूर्ण काढून कान द्या. खरखर येतेय आणि क्लच दाबल्यावर बंद होते? मग संशय गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या (क्लचकडून आत येणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगवर, कारण क्लच दाबला की तो शाफ्ट थांबतो. उलट, एरवी शांत आणि क्लच दाबल्यावरच किर्रर्र, तर ते रिलीज बेअरिंग (पेडल दाबलं की क्लच सोडवणारं), गिअरबॉक्सचा काही दोष नाही. उभ्या गाडीत काहीच वाजत नसेल तर मोकळ्या सरळ रस्त्यावर, ज्या स्पीडला आवाज येतो तिथे क्लच दाबून न्यूट्रल करा आणि गाडी तशीच जाऊ द्या (इंजिन बंद करायचं नाही हां, ब्रेक आणि स्टिअरिंग दगड होतात). आवाज तसाच राहिला तर तो चाकांबरोबर फिरणाऱ्या कशाचा तरी आहे, म्हणजे व्हील बेअरिंग, जॉइंट शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा लांब दांडा), डिफरेन्शियल (मागच्या दोन चाकांच्या मधला गोळा). माझा तसाच राहत होता, पण हे मी करून बघितलंच नव्हतं ना!

शेवटी ओळखीच्या एका जुन्या मिस्त्रीने फक्त खाली घुसून दोन्ही हातांनी जॉइंट शाफ्ट वरखाली हलवला. लांब पिकअपला हा शाफ्ट दोन तुकड्यांचा असतो आणि मधे रबरात बसवलेलं सेंटर बेअरिंग असतं, त्याचं रबर फाटून शाफ्ट आतल्या आत लोंबकळत होता. एका ठरावीक स्पीडलाच घुमायचं कारण हे. तो शाफ्ट काढताना त्याने आधी दोन्ही तुकड्यांवर पेंटची खूण मारली, ही खूण कोणी मारत नसेल तर तुम्ही मारायला लावा, कारण जोडताना एखादा दात पुढेमागे झाला तर नवीन बेअरिंग टाकूनपण गाडी थरथरते आणि परत नव्याने डोक्याला शॉट. गाडी उचलताना, गिअर टाकून क्लच सोडताना ‘टक्’ असा एकच ठोका येत असेल तर शाफ्टचे क्रॉस, म्हणजे सांध्यातले अधिकच्या चिन्हासारखे तुकडे, बघा. वळणावर एका बाजूला आवाज वाढत असेल तर व्हील बेअरिंग. अॅक्सिलरेटर दिला की एक सूर आणि सोडला की दुसरा, तर क्राऊन-पिनियन, म्हणजे डिफरेन्शियलमधली दातेरी चाकं.

आता गिअर अडकतोय, रिव्हर्स टाकताना करकर करतंय, ही दुसरी तक्रार. इथेपण लोक थेट सिंक्रो रिंगवर (गिअर बदलताना आतल्या चाकांचा वेग जुळवणारी रिंग) घसरतात. अहो, आधी इंजिन बंद करून सगळे गिअर टाकून बघा. बंद गाडीत लोण्यासारखे पडतायत आणि चालू गाडीत अडतायत तर क्लच पूर्ण सुटत नाहीये, क्लचचं ऑईल बघा, सिलिंडर गळतोय का बघा, लाइनमध्ये हवा असेल तर ती काढा. बंद गाडीतपण अडकत असेल तर लिव्हरचं लिंकेज किंवा आतलं काम. आणि चालता चालता गिअर आपोआप निसटत असेल तर मात्र टाळाटाळ नको, घाटात निसटला तर काय होईल ते सांगायला नको. क्लच प्लेटबद्दल एवढंच, की सायन सर्कलला चढावर हाफ क्लचवर गाडी धरून ठेवणारे आपण सगळेच आहोत, आणि इंजिन ओरडतंय पण गाडी पळत नाही, जळका वास येतोय, तर ती आपणच खाल्लीय.

ऑईलचा घोळ वेगळाच. दुकानात ८०डब्ल्यू-९० (गिअर ऑईलचा जाडपणा) मागितलं की मिळतं, पण त्यात जीएल-४ आणि जीएल-५ असे दोन प्रकार असतात. डिफरेन्शियलला साधारण जीएल-५ लागतं, पण त्यातली काही केमिकलं गिअरबॉक्समधल्या पितळी सिंक्रो रिंगला मानवत नाहीत, म्हणून एकाच डब्यातून दोन्हीकडे ओतू नका, मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच टाका. आणि पावसाळ्यात हिंदमाताला किंवा अंधेरी सबवेला गाडी पाण्यातून काढली असेल तर त्याच आठवड्यात दोन्हीकडचं ऑईल बघा. तापलेलं हाउसिंग गार पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (हवा ये-जा करायचं भोक) पाणी आत ओढलं जातं. ऑईल चहासारखं दुधाळ दिसलं तर बदलायचंच, ‘चालतंय की’ करत बसलात तर दिवाळीपर्यंत बेअरिंग वाजायला लागेल.

बाय द वे, एकदा अख्खा रविवार मागच्या खडखडीमागे घालवला आणि निघाली फाळक्याची साखळी. तेव्हापासून आधी जॅक, पाना, साखळी, स्टेपनी हलवून बघतो.

एवढं करूनही बोट गिअरबॉक्सकडेच जात असेल तर ड्रेन बोल्ट उघडा. त्याच्या चुंबकाला राखाडी लगदा लागला असेल तर ती नेहमीची झीज, पण नखाएवढे तुकडे असतील तर खोला बिनधास्त. खोलताय तर क्लच प्लेट आणि रिलीज बेअरिंगपण बघून घ्या, उतरवायची मजुरी तीच आहे. आणि जुने पार्ट पिशवीत घालून परत मागा. माझी ती ‘गेलेली’ बेअरिंगं अजून घरी आहेत, धुऊन बोटाने फिरवली तर कसला आवाज नाही की काही नाही, फिरतच राहतात.